श्रीशैलला निघताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही सहा जण स्वतःच्या गाडीने श्रीशैल मल्लिकार्जुनाला जाणार आहोत. दुपारी कामं उरकून निघालो तर रात्री मुक्कामाला पोचू का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दुपारी निघूच नका. शेवटचा टप्पा नल्लमला डोंगरातल्या व्याघ्र प्रकल्पातून जातो आणि मन्ननूरचं वनखात्याचं फाटक रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतं. सोलापूर-हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर, तिथून श्रीशैल आणखी सव्वादोनशेच्या आसपास. बाराला निघालेली गाडी जेवण-चहा धरून नेमकी फाटक लागायच्या सुमारास मन्ननूरला पोचते, आणि मग लेकराबाळांसह रात्र रस्त्याकडेला काढावी लागते.

पहाटे ४ ला सोलापूर सोडा. हैदराबाद शहरात शिरू नका. पाटणचेरूकडून बाह्य वर्तुळाकार रस्ता धरा आणि तुक्कुगुडाला उतरा, तोच श्रीशैलचा महामार्ग. जेवण कल्वकुर्तीला उरका आणि टाकीही तिथेच भरून घ्या. दुपारी दोनपर्यंत फाटक ओलांडलं तर जंगल उजेडात पार होतं. डोमलपेंटानंतर घाट कृष्णेकडे उतरतो, धरणाखालचा पूल ओलांडून पुन्हा चढतो. वळणं सलग आहेत. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या सीटवर बसवा आणि कल्वकुर्तीला पोटभर जेवू देऊ नका. माकडं दिसली की खाऊ फेकायचा मोह होतो, तो आवरा. खाण्याच्या आशेने ती रस्त्यावर येऊन बसतात आणि चाकाखाली जातात.

प्रश्न : आईचं वय ७२, गुडघे दुखतात. स्पर्शदर्शन आणि पाताळगंगा दोन्ही जमेल का?
– एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : स्पर्शदर्शन जमेल, पण तिकीट आधी ऑनलाइन काढा. पुरुषांना धोतर-उपरणं आणि बायकांना साडी किंवा ओढणीसह पंजाबी ड्रेस लागतो. धोतर सोलापुरातूनच घेऊन जा, ऐन रांगेत शोधाशोध नको. महाशिवरात्र आणि उगादीच्या गर्दीत स्पर्शदर्शन बंद ठेवतात, तेव्हा लांबूनच दर्शन होतं. म्हणून आईंना त्या दिवसांत नेऊ नका. ज्योतिर्लिंग आणि भ्रमरांबेचं शक्तिपीठ एकाच आवारात आहे. मात्र देवी मागच्या बाजूला, पायऱ्या चढून. मोबाइल आत चालत नाही, बाहेर जमा करावा लागतो.

पाताळगंगेला, म्हणजे खाली कृष्णेच्या पाण्यापर्यंत, शेकडो पायऱ्या आहेत, आईंना त्या उतरू देऊ नका. रोपवे आहे, पण दुरुस्तीसाठी कधी बंद असतो, तेव्हा सकाळीच चौकशी करा. उन्हाळ्यात धरणाचं पाणी खाली जातं, त्यामुळे पाण्यापर्यंत आणखी उतरावं लागतं. आईंसाठी पावसाळ्यानंतरचे महिने बरे.

प्रश्न : दर्शन झाल्यावर आणखी काय पाहावं?
– एक वाचक, बाळीवेस

उत्तर : देवळाचा तट. लोक रांगेतून सुटतात आणि थेट प्रसादाकडे जातात, हे फार वाईट वाटतं. तटाच्या बाहेरच्या अंगाला दगडाच्या ओळीच्या ओळी कोरल्या आहेत : हत्ती, घोडेस्वार, शिकार, योगासनात बसलेले सिद्ध, शिवाच्या कथा. कोरीव काम उथळ आहे, दुपारच्या उन्हात सपाट दिसतं. सकाळी लवकर पूर्वेच्या बाजूने चाला. तिरप्या उन्हात हत्तीच्या सोंडेची वळीसुद्धा उठून दिसते. तटावर हात फिरवू नका, तेल-कुंकू तर लावूच नका.

उत्तरेच्या गोपुराला शिवाजी गोपुर म्हणतात. १६७७ मध्ये दक्षिणेच्या स्वारीत महाराज इथे आले होते.

दुसऱ्या दिवशी शिखरेश्वराला जा, ८ किलोमीटर. वाटेत साक्षी गणपती लागतो. यात्रेची नोंद करायला त्याच्या हाती वही-लेखणी आहे. पाय धड असतील आणि तिकडची बोट सुटत असेल तर संत कवयित्री अक्कमहादेवीच्या गुहा सोडू नका. बोटीतून उतरल्यावर चढ आहे, शेवटची वाट अरुंद आणि काळोखी, वाकून जावं लागतं. डोक्याला बांधायची बॅटरी हवी, कारण मोबाइलचा उजेड धरला की आधाराला एक हात कमी पडतो.

आणि आपल्याकडची आठवण : बाल सिद्धराम, म्हणजे सोलापूरचा सिद्धेश्वर, मल्लय्याच्या (मल्लिकार्जुनाच्या) शोधात याच डोंगरात आला, अशी कथा आहे. परत आल्यावर त्याने सोलापुरात मल्लिकार्जुनाची स्थापना केली. तिथे आधी नारळ ठेवून मगच गाडी काढायची प्रथा अनेक घरांत आहे. पहाटे ४ ला निघणार असाल तर हे आदल्या संध्याकाळीच उरका.