नैवाशाला जाताय तर आधी हे वाच

अगं, मेसेज मिळाला तुझा. नैरोबीच्या मुक्कामात एक दिवस नैवाशा लेक, मस्तच, पण त्याच दिवशी नाकुरूचं तळं पण उरकायचं आणि हेल्स गेट नॅशनल पार्कमध्ये सायकल पण चालवायची असं जे तुमच्यातल्या कोणीतरी एक्सेलमध्ये भरून ठेवलंय ना, ते आधी उडव. अंतर ९० किलोमीटरच्या आसपासच आहे पण रिफ्ट व्हॅलीत उतरणारा घाट आहे, पुढे युगांडाकडे जाणाऱ्या ट्रकची रांग असते, आणि विषुववृत्त जवळ असल्यामुळे तिथे वर्षभर साडेसहाच्या सुमारास अंधार पडतो, आपल्याकडच्यासारखी उन्हाळ्यातली लांब संध्याकाळ धरून चालू नका.

पहाटे सहाला निघा. घाटातल्या व्ह्यू पॉइंटवर दहा मिनिटं थांबा, समोर लोंगोनोट ज्वालामुखी दिसतो, आणि माई माहियूच्या रस्त्याने गेलात तर खाली एक छोटंसं चर्च लागेल, १९४२ साली इटालियन युद्धकैद्यांनी रस्ता बांधताना उभारलेलं, तेही बघा. पण दहाच्या आत बोटीत बसा कारण दुपारनंतर तिथे वारा सुटतो आणि सकाळी ताटासारखं सपाट असलेलं पाणी चांगलंच उसळायला लागतं.

आता खरं जे सांगायचंय ते. सगळे हिप्पोला घाबरून जातात आणि बोटीत बसल्यावर पंधरा मिनिटांत विसरतात. चार मित्र एकत्र असले की एक जण म्हणतो अजून थोडं जवळ घे ना भाऊ, दुसरा व्हिडिओ काढायला उभा राहतो, आणि बोटवाला बिचारा टिपच्या आशेने नेतोही. हिप्पो गवत खातो, म्हणून तो गरीब असतो असं नाही. दीड टनाचं जनावर, आपल्या हद्दीत कोणी आलं तर सरळ अंगावर येतं, पाण्याखाली बुडी मारली की कुठून वर येईल कळत नाही, आणि जमिनीवर तो आपल्यापेक्षा जोरात पळतो. त्याच्या आणि पाण्याच्या मधे कधीही यायचं नाही. म्हणून तुमच्यातल्या एकाने बोटवाल्याला निघण्याआधीच सांगायचं की लांबूनच दाखव, टिप तेवढीच देऊ. हे काम तू कर. बोअर म्हणतील, म्हणू देत, मैत्रीत तेवढं चालतं. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं, पोहता येणाऱ्यांनी सुद्धा, आणि भाडं माणशी की पूर्ण बोटीचं हे बसायच्या आधी ठरवायचं, उतरताना नाही.

अजून एक, फिश ईगलचा फोटो मिळावा म्हणून बोटवाले शिट्टी मारून मासा फेकतात. मला ते आवडत नाही, फोटो छान येतो हे मान्य. तो पक्षी तसाही काठच्या पिवळ्या खोडाच्या बाभळींवर बसलेला दिसतोच, थोडा धीर धरा.

तळ्यातल्या क्रेसेंट आयलंडला मात्र उतरा. तिथे सिंह नाहीत त्यामुळे जिराफ, झेब्रा यांच्यामधून चालत फिरता येतं, अख्ख्या ट्रिपमध्ये गाडीच्या खिडकीतून बघितलेलं इथे पायी बघायला मिळतं. काठाकाठाने चालताना हिप्पोचं भान तेवढं ठेवा. येताना रस्त्याच्या कडेला ग्रीनहाऊसच्या रांगा दिसतील, युरोपात जाणारी गुलाबाची फुलं आहेत ती, याच तळ्याच्या पाण्यावर पिकतात.

दुपारी अख्खा तळलेला तिलापिया मासा आणि उगाली (मक्याच्या पिठाची घट्ट उकड) खा, ग्रुपमधल्या शाकाहाऱ्यांनी चपाती आणि बीन्स मागवायचे, मिळतात. पैसे एम-पेसाने, म्हणजे तिथल्या मोबाइल पेमेंटने, सगळीकडे चालतात पण थोडी कॅश असू दे.

निघायच्या आधीचं: केनियाला आता व्हिसा नाही, २०२४ पासून ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी, काढावी लागते. यलो फीवरची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि ते कार्ड सांभाळा, भारतात परत येताना विचारतात आणि नसेल तर क्वारंटाइनची पाळी येऊ शकते. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर तिथे २०१७ पासून बंदी आहे, खाऊ डब्यात भरा. आणि परत निघायला चारच्या पुढे जाऊ नका, तो घाट रात्री नको.

तारीख पक्की झाली की कळव, माझ्या ओळखीचा ड्रायव्हर मोकळा आहे का विचारतो.