अमेरिकन ब्लूज गिटारवादक एल्मोर जेम्सने आयुष्यभर एकच तुकडा वाजवला म्हणतात, मग स्लाइड (बोटात घालून तारांवर घसरवायची काचेची किंवा धातूची नळी) वापरणारे गिटारवाले त्याला एवढं का मानतात? आणि तो तुकडा वाजवायचा कसा?

मुळात तो तुकडा एल्मोरचा नव्हे. ब्लूज गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनने १९३६ मध्येच तो 'डस्ट माय ब्रूम' या गाण्यात रेकॉर्ड केला होता, साध्या गिटारवर, नुसत्या बोटांनी. एल्मोरने ५ ऑगस्ट १९५१ रोजी मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात ट्रम्पेट रेकॉर्ड्ससाठी तेच गाणं केलं, पण स्लाइड घालून आणि अॅम्प्लिफायर आवाज फाटेपर्यंत चढवून. माउथ ऑर्गनवर सनी बॉय विल्यमसन (या नावाच्या दोघांपैकी दुसरा). १९५२ मध्ये हे गाणं अमेरिकेच्या आर अँड बी (ऱ्हिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या यादीत नवव्या क्रमांकावर गेलं. पुढे एल्मोरने त्याच सुरावटीवर आणखी गाणी काढली, 'एकच तुकडा' हा शिक्का तिथूनच बसला. शिक्का अगदीच खोटा नाही, पण अपुरा आहे.

त्याचा जन्म १९१८ चा, मिसिसिपीतल्या रिचलंडचा. लहानपणी भिंतीला ठोकलेल्या एका तारेवर हात बसला. दुसऱ्या महायुद्धात नौदलात, ग्वाम बेटावर. परतल्यावर कँटन गावात मानलेल्या भावाच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला. माझ्या मते त्याच्या आवाजाचं मूळ या दुकानात आहे: साध्या गिटारला पिकअप (तारांचा आवाज उचलणारा विद्युत भाग) लावून अॅम्पमधून तो भरडा, चिरका सूर काढणं रेडिओ उघडून बसणाऱ्या माणसालाच सुचावं. नंतर शिकागो, 'ब्रूमडस्टर्स' हा बँड, आणि हृदयविकाराने २४ मे १९६३ रोजी मृत्यू. वय अवघं ४५.

आता वाजवण्याकडे. ट्यूनिंग ओपन डी. जाड तारेपासून बारीक तारेकडे डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. आपल्या भाषेत पांढरी दोन सा धरून सा प सा ग प सा. नेहमीच्या ट्यूनिंगवरून सहावी, दुसरी आणि पहिली तार दोन-दोन पडदे उतरवा, तिसरी एक पडदा. पाचवी आणि चौथी आहे तशीच. ताण कमी झाला की गिटारची मान किंचित सैल पडते आणि न हलवलेल्या तारा चढतात, म्हणून सगळं दोनदा जुळवा.

तारा जाड हव्यात. इलेक्ट्रिकला निदान ११ चा सेट (आकडा सर्वांत बारीक तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजाराव्या भागांत), अकूस्टिकला १३ चा. ९ चा सेट इतका उतरवला की तारा लोंबतात आणि स्लाइड पडद्यांवर आपटते. बाराव्या पडद्याशी तारेची उंची अडीच-तीन मिलिमीटर ठेवा. स्लाइड करंगळीत घाला, म्हणजे मागची बोटं मोकळी राहतात.

तुकडा असा: ठेका संथ-मध्यम, चार मात्रा, प्रत्येक मात्रेत तीन ठोके, म्हणजे आपली तिस्र जाती. वरच्या दोन-तीन तारांवर दहाव्या पडद्याच्या आसपासून बाराव्यावर घसरत या आणि तिथेच तीन-तीनच्या हिशेबाने तारा छेडत राहा. मग पहिल्या तारेवर दहाव्या पडद्याचा कोमल नी दाखवून खालच्या तारांवर उतरा आणि सा वर थांबा. अंगठा तोवर जाड तारांवर ठेका धरून असतो. ब्लूजच्या बारा बारच्या (बार म्हणजे चार मात्रांचं एक आवर्तन) चक्रात कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलताना पाचवा पडदा (म) आणि सातवा पडदा (प) लागतात, सा साठी खुल्या तारा किंवा बारावा.

बिघडतं ते बहुतेक तीनच ठिकाणी. सर्वांत मोठी चूक म्हणजे सवयीने पडद्याच्या मागे थांबणं. स्लाइड धातूच्या पट्टीच्या बरोबर वर हवी, नाहीतर सूर उतरलेलाच राहतो. दुसरी, स्लाइड तिरकी धरणं: एक तार सुरात, शेजारची बेसूर. हे कानाला चटकन कळत नाही, म्हणून तानपुऱ्याच्या अॅपवर पांढरी दोन लावून सराव करा. तिसरी, मागची बोटं उचललेली असणं. स्लाइड आणि नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) यांच्यामधली तार सुटी राहिली तर ती स्वतःच किरकिरते. पहिलं आणि मधलं बोट तिच्यावर हलकं टेकवून ठेवा. दाबायचं मात्र नाही. आंदोलन पट्टीच्या दोन्ही बाजूंना, पण थोडं खालच्या अंगाला झुकतं घ्या. वरच्या बाजूला जास्त गेलात तर लगेच कानात खुपतं.

प्रभावाचं म्हणाल तर १९६२ मध्ये, पुढे रोलिंग स्टोन्स बँड काढणारा ब्रायन जोन्स लंडनमध्ये 'एल्मो लुईस' या नावाने वाजवत होता. फ्लीटवूड मॅक या ब्रिटिश बँडचा गिटारवादक जेरेमी स्पेन्सर सुरुवातीच्या काळात जवळजवळ एल्मोरच वाजवायचा. बीटल्सच्या 'फॉर यू ब्लू'मध्ये जॉर्ज हॅरिसन मध्येच त्याचं नाव घेतो, तेव्हा स्टील गिटार लेनन वाजवत असतो. ऑलमन ब्रदर्स बँडच्या डुएन ऑलमनने १९७१ च्या न्यूयॉर्कमधल्या फिलमोर ईस्टच्या कार्यक्रमात एल्मोरचं 'डन समबडी राँग' घेतलं, आणि माझ्या लेखी एल्मोरच्या शिष्यपरंपरेत त्याच्याइतका नेमका सूर कुणाचा नाही.

'एकच तुकडा' म्हणणाऱ्यांना १९६० चं 'द स्काय इज क्रायिंग' ऐकवा. त्यात तो तुकडा नाहीच. संथ चालीत स्लाइड गाण्याच्या प्रत्येक ओळीला उत्तर देते, आणि सूर कुठे लांबवायचा, कुठे तोडायचा हे तिथे जास्त शिकायला मिळतं.