अंगात कसर: ताप की तूट?

तासगावच्या एका ताईंनी विचारलंय: ‘आमच्या आजी अंगात कसर आहे म्हणतात. पुण्यातल्या मैत्रिणींना कसर म्हणजे फक्त तूट एवढंच माहीत. व्हायरल तापावरच्या लेखात हा शब्द चालेल का?’

चालेल की! सांगली-साताऱ्याकडं ‘जरा कसर हाय अंगात, डोक्यावरनं न्हाऊ नको’ हे घरोघरी ऐकू येतं. कसर नेहमी ‘जरा’ किंवा ‘बारीक’ असते. ताप सणकून भरतो. सणकून कसर कुणी म्हणत नाही. मोठा ताप उतरल्यावर अंगात रेंगाळतो तो थोडासा ताप, तीही कसरच. कणकण ज्याची त्याला कळते, कसर मात्र दुसऱ्यालाही कपाळाला हात लावून सांगता येते.

तूट या अर्थाची कसर अरबी ‘कस्र’वरून आली, मोडणं, अपूर्णांक हे त्याचे अर्थ. तब्येत पुरती बरी नाही, हा भाव त्यात सहज बसतो. शिवाय शरीराचा खर्च तेव्हा वाढलेलाच असतो. विषाणूला स्वतःची ऊर्जा तयार करता येत नाही, तो आपल्या पेशीतलं एटीपी, म्हणजे ऊर्जा पुरवणारा रेणू, वापरतो. इन्फ्लुएन्झासारख्या विषाणूचा आरएनए (त्याचं जनुकीय द्रव्य) पेशीनं ओळखला, की इशारा मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीत एटीपी बनवणाऱ्या भागाच्या, बाहेरच्या आवरणावरच्या ‘मॅव्हज’ या प्रथिनामार्फत पुढं जातो आणि इंटरफेरॉन हे विषाणूला रोखणारं प्रथिन तयार होतं. म्हणजे ऊर्जेचा कारखाना तोच आणि पहाऱ्याची चौकीही तीच. लढणाऱ्या बऱ्याच पेशी घाईनं ग्लुकोज अर्धवट फोडून भागवतात. त्यात एका रेणूमागं निव्वळ २ एटीपी हाती लागतात, पूर्ण ज्वलनात ३०च्या आसपास. त्यात ताप १ अंश सेल्सिअसनं चढला की शरीराचा ऊर्जाखर्च साधारण १० टक्क्यांनी वाढतो, आणि नेमकी तेव्हाच भूक मेलेली असते.

गंमत म्हणजे कणकण बरीचशी आपल्याच प्रतिकारशक्तीची. १९५७ साली शोध लागलेलं इंटरफेरॉन पुढं हिपॅटायटिस-सीवर औषध म्हणून टोचू लागले, तेव्हा रुग्णांना त्या इंजेक्शननंच फ्लूसारखा ताप आणि अंगदुखी होई.

पण हा मेळ छान बसतो म्हणून ‘आजींना एटीपी आधीच ठाऊक होतं’ असलं काही लिहू नका. तसले फॉरवर्ड आधीच उदंड झालेत. पहिल्यांदा ‘कसर, म्हणजे बारीक ताप’ असं लिहा, पुढं नुसतं ‘अंगात कसर’. त्यातला ‘अंगात’ तेवढा गाळू नका, कारण जुन्या पुस्तकांना लागते ती कीडही कसरच.