मुलाला डिस्लेक्सिया आहे, पण दिसायला काहीच नाही. त्याला दिव्यांग म्हणून सवलत मिळते का?

हो, मिळते. १९९५ च्या कायद्यात फक्त सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ आहेत. अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया म्हणजे वाचनाची, डिसग्राफिया लेखनाची, डिसकॅल्क्युलिया गणिताची अडचण) त्यातच येते. स्वमग्नता, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजारसुद्धा.

माझ्या वर्गातला एक मुलगा तोंडी गणितं फटाफट सोडवायचा, पण वहीत ६९ चे ९६ व्हायचे. घरी त्याला 'आळशी' म्हणून मार बसायचा. अजूनही आठवलं की जीव तुटतो.

गोंधळ होतो तो ४० टक्क्यांवरून. उच्च शिक्षणातल्या ५ टक्के आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतोच. परीक्षेतल्या लेखनिकाचं (उत्तरं लिहून देणाऱ्याचं) तसं नाही. लेखनाची अडचण असलेल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं, की ४० टक्के नाहीत म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही.

नुसतं शाळेचं पत्र पुरत नाही. सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या, यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) ऑनलाइन अर्ज करा. दहावीची वाट बघू नका, आठवी-नववीतच सुरुवात करा. आणि हो, चष्म्याने नीट दिसत असेल तर तो नंबर यात धरत नाहीत.