ड्रॉवरमधला जुना मोबाईल आणि फुगलेली बॅटरी

प्रश्न: चार वर्षं ड्रॉवरमध्ये पडलेला मोबाईल परवा बाहेर काढला तर मागची काच एका बाजूने उचललीय, नख जाईल एवढी फट पडलीय. चार्ज करून आतले फोटो काढून घेते आणि मग कचऱ्यात टाकते, चालेल का?

उत्तर: नाही नाही, चार्जरला अजिबात लावू नका! बॅटरी फुगलीय ती. आतलं रसायन बिघडून गॅस तयार होतो, त्याला बाहेर पडायला जागा नसते म्हणून काच उचलली जाते. आता ती दाबून परत बसवायची नाही, आणि हवा काढायला टाचणी टोचायची तर मुळीच नाही (असे महाभाग आहेत, खरंच), कारण आतला पातळ पडदा फाटून शॉर्ट झाला की क्षणात पेट घेते आणि ती आग लवकर विझत नाही. पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यात ठेवा, झाकण घट्ट लावू नका, पडदे, कागद, गाद्या यांच्यापासून लांब. मग ई-कचरा घेणाऱ्या केंद्राला आधी फोन करून बॅटरी फुगलीय असं स्पष्ट सांगा आणि ते म्हणतील तसं नेऊन द्या, कुरियर नको. रोजच्या कचऱ्यात का नाही? कचऱ्याच्या गाडीत माल दाबतात, तिथे ही चेपली गेली की गाडीच पेटू शकते. फोटोंसाठी एखाद्या चांगल्या दुरुस्तीवाल्याला विचारा, बॅटरी बदलून फोन चालू होऊ शकतो. बाकी न फुगलेल्या सुट्या बॅटऱ्या देतानासुद्धा टोकांवर चिकटपट्टी लावून द्या.

प्रश्न: जुन्या लॅपटॉपमधल्या सगळ्या फाइल्स डिलीट केल्या, रीसायकल बिन पण रिकामं केलं. आता द्यायला हरकत नाही ना?

उत्तर: आहे की. डिलीट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली, पानं जागच्या जागी. फिरणारी हार्ड डिस्क असेल तर पूर्ण डिस्कवर नव्याने लिहिणारं सॉफ्टवेअर चालवा, एकदा पुरतं, सात-सात वेळा करत बसू नका. एसएसडीला (फिरता भाग नसलेली, चिपवर माहिती साठवणारी डिस्क) मात्र ही युक्ती पुरत नाही, ती लिहिताना स्वतःच जागा बदलत राहते आणि काही कप्प्यांपर्यंत आपण पोचतच नाही, तिथे कंपनीनेच दिलेली सिक्युअर इरेज ही सगळं पुसायची सोय वापरायची. मोबाईलला फॅक्टरी रीसेट, पण त्याआधी गूगल किंवा ॲपलच्या अकाउंटमधून बाहेर पडा, नाहीतर फोन लॉक राहतो आणि धडधाकट फोन नुसता सुट्या भागांसाठी फोडावा लागतो. हातोड्याचा उत्साह आवरा, लॅपटॉपच्या बऱ्याच डिस्कमध्ये काचेच्या तबकड्या असतात, चुरा डोळ्यात जाईल. मी इथे शहाणपण शिकवतोय खरा, पण मी स्वतः एक जुना कॅमेरा देऊन टाकला आणि आठवड्याने आठवलं की मेमरी कार्ड आतच राहिलं! तेव्हा सिम आणि कार्ड आधी काढा.

प्रश्न: भंगारवाला सगळं घेतो, वर पैसे देतो. केंद्रावर फुकट का द्यायचं?

उत्तर: भंगारवाल्याला नावं ठेवायचं कारण नाही, गोळा करण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. प्रश्न आहे माल पुढे कुठे जातो त्याचा. बऱ्याच ठिकाणी तांबं काढायला वायरी उघड्यावर जाळतात आणि वायरीवरचं पीव्हीसी प्लास्टिक जळताना डायॉक्सिनसारखी विषं निघतात, सर्किट बोर्ड सोन्यासाठी ॲसिडमध्ये बुडवतात आणि ते ॲसिड मग मातीत नाहीतर गटारात, हे सगळं उघड्या हातांनी, कधीकधी लहान मुलंसुद्धा. एवढं करून बाकीचे कितीतरी धातू वायाच जातात. नीट केलं तर काय होतं बघा, टोकियो 2020 ऑलिम्पिकची जवळजवळ 5,000 पदकं लोकांनी दिलेल्या जुन्या मोबाईल आणि इतर उपकरणांतल्या धातूची होती. उलट 2022 मध्ये जगभरात 6.2 कोटी टन ई-कचरा झाला आणि रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद फक्त 22.3 टक्क्यांची. म्हणून विचारा, परवाना आहे का, पावती मिळेल का, बॅटऱ्यांचं पुढे काय करता. तिसऱ्या प्रश्नाला जो आडवळणाने उत्तर देतो त्याच्याकडे मी तरी काही देणार नाही.

प्रश्न: लॅपटॉप चांगला चालतोय पण विंडोज 11 टाकता येत नाही. टाकून देऊ?

उत्तर: अजिबात नको. विंडोज 10 चा नेहमीचा मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, लॅपटॉप नाही संपला! विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाका, जुनी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवा, लिहिणं, व्हिडिओ, मेल सगळं होतं. तुम्हाला नकोच असेल तर आतली माहिती पुसून कोणाला तरी वापरायला द्या, आणि चार्जर सोबत द्यायला विसरू नका, तो बहुतेक त्याच ड्रॉवरमध्ये असेल.