सोलापुरातल्या कॉलेजात शाश्वत, न्याय्य अन्नाचा प्रचार कसा करावा?

तुम्ही म्हणताय, पोस्टरं लावून झाली, शपथा घेऊन झाल्या, तरी पोरं कँटीनमध्ये वडापावच खातात.

आधी ते पोस्टर काढा. आम्हीही ज्वारी खा म्हणून लावलं होतं. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, म्हणून परवानगी पटकन मिळाली. दुसऱ्या दिवशी खाली पेनानं लिहिलेलं, "घरी रोज भाकरीच खातो बे, इथं तरी सोडा." खरंच होतं. सोलापूरच्या पोराला ज्वारी समजावून सांगणं म्हणजे पंढरपुरात जाऊन विठोबाची ओळख करून देणं.

मग विकूनच बघू म्हटलं. बचत गटाकडून चाळीस मऊ भाकऱ्या आणल्या, गरम गरम पिशवीत भरल्या. मधल्या सुट्टीपर्यंत वाफ धरून त्या ओल्या, चिवट झाल्या. अकरा खपल्या, उरलेल्या गाईपुढे. अन्न वाया घालवू नका म्हणणारे आम्हीच!

तोडगा घरातच होता, कडक भाकरी. ओल नसल्यानं आठवडे टिकते. आज उरली तर उद्या विकता येते. कँटीनवाल्या मामांना पर्यावरणाचं काही पडलं नव्हतं, पण "उरलं तर नुकसान नाही" हे लगेच पटलं. एक भाकरी चुरून दह्यात, वर शेंगा चटणी, बाजूला कांदा. ताट वड्याच्या शेजारी ठेवलं, वडा बंद करा म्हटलं नाही. तुमच्याकडे वरून परवानगी अडत असेल तर कॅम्पसवर जंक फूड नको म्हणणारं यूजीसीचं २०१८चं पत्र अर्जाला जोडा. अशा कागदानं काम हलतं.

आता 'न्याय्य'चं. इथं मी स्वतः तोंडावर पडलोय. ताट स्वस्त व्हावं म्हणून बचत गटाच्या मावशींकडे भाकरीमागे दोन रुपये कमी करा म्हणून गेलो. त्या काही बोलल्या नाहीत, परात पुढे सरकवली. माझी पहिली भाकरी उचलतानाच फाटली. दुसरी तव्यावर पडली, पण मग ती मंद आचेवर फडक्यानं दाबत, फिरवत कडक करायची असते. बोटं भाजली, मधोमध मऊच राहिली. तेवढ्या वेळात त्यांच्या तीन झाल्या होत्या. परत येऊन आम्ही ताटाचाच भाव दोन रुपयांनी वाढवला. कुणी तक्रार केली नाही. एकानं केली, पण तो सगळ्याचीच करतो.

ज्वारीच का, असं कुणी विचारलंच तर सांगायला मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आहे. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. रब्बीला काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर येते, उसासारखं वर्षभर पाणी मागत नाही, शिवाय जनावरांना कडबा देते. म्हणून शक्य असेल तर ज्वारी पीठवाल्याकडून न घेता वर्गातल्या एखाद्याच्या शेतातून घ्या. आमच्या वर्गात असे पाचजण निघाले, आणि तोवर एकानंही ते सांगितलं नव्हतं.

दह्याचं मात्र आदल्या दिवशी ठरवून ठेवा. आमचं पहिल्याच सोमवारी साडेअकराला संपलं आणि सोळा ताटं नुसत्या चटणीवर गेली.