टेप पालटली की गाणं उलटं

प्रश्न : अमेरिकेतल्या ओहायोच्या ‘गायडेड बाय व्हॉइसेस’ या रॉक बँडसारखं घरीच रेकॉर्डिंग करावं म्हणून जुनं चार ट्रॅकचं कॅसेट मशीन घेतलं. साध्या टेपवर तीच कॅसेट लावली तर गाणं रेंगाळतं, पालटली की उलटं वाजतं. मशीन बिघडलं का?
– एक वाचक, ता. दर्यापूर

उत्तर : मशीन ठणठणीत आहे. ट्रॅक म्हणजे टेपच्या पट्टीवरची आवाजाची एकेक लांब रांग. साधा टेप एका बाजूला दोनच ट्रॅक वाचतो. तुमचं मशीन चारही ट्रॅक एकाच दिशेनं भरतं, म्हणून कॅसेट पालटली की उरलेले दोन उलटे वाजतात. शिवाय अशी बरीच मशीनं दुप्पट वेगानं, सेकंदाला ९.५ सेंटिमीटर, चालतात; म्हणून साध्या टेपवर गाणं रेंगाळतं. म्हणजे एकाच दिशेनं आणि दुप्पट वेगानं साठ मिनिटांच्या कॅसेटवर जेमतेम १५ मिनिटं. गाणं मशीनच्या लाइन आउटमधूनच (आवाज बाहेर देणाऱ्या खाचेतून) मोबाइलवर उतरवा.

ट्रॅक कमी पडले तर तीन भरून चौथ्यावर एकत्र उतरवा, मग ते तीन मोकळे. पण एकदा मिसळलेला ढोल नंतर कमी करता येत नाही, आणि दर वेळी खरखर वाढते. या बँडच्या १९९४च्या ‘बी थाउजंड’ अल्बममध्येही ती खरखर आहेच, आणि शोभते! हेड (मशीनचा टेपला टेकणारा भाग) मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. टिनाच्या खोलीत आवाज घुमतो. कापूस साठवलेल्या खोलीत गा.